वंशावळ नसलेल्यांची बखर

बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी मागे माझ्याकडे आला. म्हणाला, "सर, एखादी जाडजूड ऐतिहासिक कादंबरी सांगा. महिनाभर पुरली पाहिजे." मी सवयीने 'स्वामी', 'श्रीमान योगी', 'राऊ', 'छावा' अशी नावे घेतली. ती त्याची वाचून झाली होती. "आपली माणसं असलेली सांगा," तो म्हणाला. त्या 'आपली'पाशी मी अडलो. माझ्याच घरात वडिलांच्या आजोबांचे नाव कुणाला सांगता येत नाही.

प्रस्थापितांची ऐतिहासिक कादंबरी वाचू नका, असे मी म्हणणार नाही. विश्वास पाटलांची 'पानिपत' (१९८८) तर अवश्य वाचावी. मात्र वाचताना एक प्रश्न जवळ ठेवावा. भाऊसाहेबांच्या छावणीत लढणाऱ्यांखेरीज हजारो बिनलढाऊ माणसे होती. वैरण कोण कापत होते? मेलेली जनावरे कोण ओढत होते? १४ जानेवारी १७६१ च्या रात्री त्यांच्यासाठी कोण रडले? बखरकाराला सरदारांची नावे ठाऊक होती; कादंबरीकार बहुधा बखरकाराच्याच दिव्याने पाहतो.

म्हणून मी त्याला अ‍ॅलेक्स हेलीची 'रूट्स' (१९७६) दिली. सातशेच्या आसपास पाने, सात पिढ्या. गँबियातल्या जुफुरे गावचा कुंटा किंते १७६७ साली पकडला जातो, जहाजाच्या तळघरात साखळदंडात अमेरिकेला पोचतो आणि गोरा मालक त्याचे नाव 'टोबी' ठेवतो. कुंटा ते नाव मनाने कधीच घेत नाही. आपल्या वाचकाला हे समजावून सांगावे लागत नाही. शूद्राचे नाव निंदाव्यंजक असावे, हा मनूचा दंडक. आपल्या वस्तीतले धोंड्या आणि कचऱ्या त्याच परंपरेतले. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. हे नाते जुने आहे.

पण 'रूट्स' देताना तिचे वैगुण्यही सांगितले पाहिजे. हेलीने ती आपल्या कुळाची खरी हकीकत म्हणून मांडली होती. पुढे संशोधकांनी कागद तपासले, तर तो 'टोबी' ते जहाज लागण्याआधीपासूनच व्हर्जिनियात असल्याचे निघाले. हॅरोल्ड कूरलँडरच्या 'द आफ्रिकन' (१९६७) मधला मजकूर उचलल्याचा दावाही झाला आणि १९७८ मध्ये हेलीला पैसे देऊन तो मिटवावा लागला. मग ही कादंबरी टाकून द्यायची का? माझ्या मते नाही. जहाजाच्या तळघरातली घाण, उलट्या, मरण यांचे चित्र खोटे ठरलेले नाही. खोटी ठरली ती वंशावळ. भूक खरी होती, म्हणून त्याने हवा तो पूर्वज गाठला. हा मोह आपल्यालाही आहे, आणि आपल्या काही सभांतली भाषणे ऐकताना तो मला फार जाणवतो.

आपल्याजवळ कागद अगदीच नाहीत असेही नाही. कोरेगावच्या स्तंभावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या शिपायांची नावे कोरलेली आहेत, आणि त्यांत 'नाक' शेवटी असलेली नावे आहेत. तिथून पुढे पलटणी, पेन्शनी. मग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची भरती बंद होणे, गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध लिहिलेला अर्ज, बाबासाहेबांची १९२७ ची कोरेगावभेट, त्याच वर्षीचे महाड, १९४१ ची महार रेजिमेंट. चार खंडांची मालिका इथे पडून आहे. ती दफ्तरखान्यात बसून लिहिणारा हवा.

तोवर काय वाचावे? अण्णा भाऊंची 'फकिरा' (१९५९) लहान आहे, दोन दिवसांत संपते, पण ती बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण झालेली आहे आणि तिच्यातला मांग दुसऱ्या कुणाच्या घोड्यामागे धावत नाही. तिच्यानंतर हॉवर्ड फास्टची 'फ्रीडम रोड' (१९४४). १८६८ साली दक्षिण कॅरोलिनाची राज्यघटना लिहायला जमलेल्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय होते; त्या काळावर ती आहे. आणि मग 'रूट्स'.

माझ्या विद्यार्थ्याने हा क्रम मानला नाही. 'रूट्स'च आधी घेऊन गेला. इंग्रजी जड जाते, म्हणून रोज दहा पाने वाचतो आणि अडलेले शब्द वहीत लिहून आणतो.