दुष्काळात पुरुष, साथीत स्त्रिया: मध्य प्रांतातील मृत्यूचे दोन हिशेब

१/ नागभीड तेव्हा मध्य प्रांताच्या चांदा जिल्ह्यात होते. धानाचा आणि मालगुजारी तलावांचा हा मुलूख. या प्रांताने अवघ्या दोन दशकांत दोन महासंकटे पाहिली. दुष्काळात पुरुष अधिक दगावले. पुढे इन्फ्लुएंझाच्या साथीत मात्र देशभरात स्त्रियांचे मृत्यू अधिक झाले. हे पारडे का फिरले?

२/ त्या काळी गावातील जन्ममृत्यूची वर्दी कोतवाल पोलीस ठाण्यात देई. अशा नोंदी आणि दर दहा वर्षांची जनगणना हीच या इतिहासाची साधने.

३/ १८९६-९७ आणि १८९९-१९०० हे भीषण दुष्काळाचे काळ. १९०१ च्या जनगणनेत मध्य प्रांताची लोकसंख्या घटली आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांची संख्या अधिक भरली. त्यात स्थलांतराचाही वाटा होता. पण मृत्युनोंदींतही पुरुषांचेच पारडे जड होते. स्त्रीच्या शरीरात चरबीचा साठा अधिक आणि अन्नाची गरज तुलनेने कमी, त्यामुळे उपासमारीत ते अधिक तग धरते.

४/ मग १९१८ उजाडले. पावसाने दगा दिला, धान्य महागले. सप्टेंबरात मुंबईत उसळलेली इन्फ्लुएंझाची दुसरी लाट रेल्वेमार्गांनी देशाच्या अंतर्भागात पोहोचली. मध्य प्रांत व वऱ्हाडला सर्वाधिक तडाखा बसलेल्या प्रांतांत गणले गेले. देशभरात बळी पडले ते मुख्यतः २० ते ४० वयाचे, आणि त्यांत स्त्रिया अधिक.

५/ त्याच साथीत अमेरिकेत पुरुष अधिक मेले. म्हणजे केवळ विषाणूकडे बोट दाखवून भागत नाही. येथे रुग्णाच्या उशाशी बसणारी स्त्रीच होती. सर्वांमागून जेवणारी, टंचाईत उपाशी राहणारीही तीच. गर्भवतीला तर न्यूमोनियाचा धोका अधिकच. दुष्काळात जगवणारे शरीर घरातल्या या वाटणीपुढे हरले.

६/ देशात १९११ साली दर हजार पुरुषांमागे ९६४ स्त्रिया होत्या. १९२१ साली त्या ९५५ उरल्या. या घसरणीचे इन्फ्लुएंझा हे एकमेव कारण नव्हे. पण त्याचा ठसा तिच्यावर आहे.

७/ १९८२ साली याच जुन्या चांदा जिल्ह्यातून गडचिरोली वेगळा झाला. तेथील दोन गावांत डॉ. राणी बंग व सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते. त्यांसाठी पूर्वी कधी तपासणी झाली होती ती केवळ ८ टक्के स्त्रियांची.

८/ साथ ओसरली की तिची आकडेमोड होते. पण जे दुखणे कोणी तपासलेच नाही, त्याची वर्दी ना कोतवालाने दिली, ना दवाखान्याने.