तळटीप : जनरल चौधुरी

* जनरल चौधुरी : मेजर जनरल जयंतनाथ चौधुरी (१९०८–१९८३). मराठवाड्याच्या आठवणींत ते केवळ हैदराबाद संस्थानावरील १९४८च्या पोलीस अ‍ॅक्शनचे सेनापती म्हणून उरले, पण घोडदळाचा हा अधिकारी दुसऱ्या महायुद्धात तावून-सुलाखून निघाला होता. सुदान, एरिट्रिया, अबिसिनिया आणि उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात ते पाचव्या भारतीय डिव्हिजनबरोबर होते. पुढे ब्रह्मदेशात त्यांनी १६व्या लाइट कॅव्हलरीचे नेतृत्व केले. रस्ता धरून चिलखती गाड्यांनी वेगाने मुसंडी मारायची, हे तिथले युद्धतंत्र १३ सप्टेंबर १९४८ रोजी सोलापूर–नळदुर्ग–उमरगा मार्गावर पुन्हा दिसले. लातूरला फौज आली ती मात्र जालन्याकडून. १८ सप्टेंबरला निजामाचे सेनापती एल एद्रूस चौधुरींना शरण गेले. १९४९ अखेरपर्यंत चौधुरी हैदराबादचे लष्करी गव्हर्नर होते. १९६२ ते १९६६ लष्करप्रमुख.

लेखकाने येथे निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकारांच्या जाचातून सुटलेल्या लोकांचा जल्लोष नोंदवला आहे आणि तो खराच होता. तथापि त्यानंतरच्या आठवड्यांत निरपराध मुसलमानांची मोठी कत्तल झाली, हेही सांगितलेच पाहिजे. या कत्तलीची चौकशी करणाऱ्या पंडित सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ बसलेले जिल्हे नोंदवले : उस्मानाबाद (लातूर तेव्हा त्यातच होते), गुलबर्गा, बीदर आणि नांदेड.