मद्रास आणि दक्षिण मराठा : वाफेच्या गाडीचे जुने नाते

मराठीत 'आगगाडी' आणि तमिळमध्ये 'पुगैवंडी'. 'पुगै' म्हणजे धूर. एकाच यंत्राकडे पाहताना मराठी माणसाच्या नजरेत त्याच्या पोटातली आग भरली, तर तमिळ माणसाच्या नजरेत त्याच्या डोक्यावरचा धूर. आज चेन्नई सेंट्रलहून सुटणाऱ्या कोणत्याही गाडीत आगही नाही आणि धूरही नाही. तरी दोन्ही भाषांनी ही नावे टाकून दिलेली नाहीत. आपल्या शाळेच्या पहिल्या तुकड्यांतील विद्यार्थ्यांनी वाफेचे इंजिन धावताना पाहिले, त्यांच्या नातवंडांना ते चित्रात किंवा संग्रहालयात पाहावे लागते. शाळेच्या साठ वर्षांच्या आयुष्यातच एक युग संपले. त्या युगाविषयी आपल्याला वाटणारी ओढ नेमकी कशाची आहे आणि या शहरातील मराठी माणसाचा तिच्याशी काय संबंध आहे, याचा शोध घेण्याचा हा प्रयत्न आहे.

ही ओढ चेन्नईला किती आहे, हे एका इंजिनावरून कळते. १८५५ साली इंग्लंडमधील लीड्स येथे बांधलेले 'ईआयआर २१' हे इंजिन १९०९ मध्ये सेवेतून निवृत्त झाले आणि पुढे शंभर वर्षे केवळ प्रदर्शनातील वस्तू म्हणून उभे राहिले. पेरांबूरच्या लोको कारखान्यातील कामगारांनी २०१० मध्ये त्याला पुन्हा चालते केले. त्यानंतर हे इंजिन जेव्हा जेव्हा चेन्नईच्या रुळांवर आले, तेव्हा लहानथोर ते पाहण्यासाठी फलाटावर जमले. गंमत अशी, की हे इंजिन मूळचे मद्रासचे नाहीच. ते ईस्ट इंडियन रेल्वेचे, म्हणजे बंगालकडचे. आपल्या आठवणींना धरून ठेवायला एखादी वस्तू लागते. ती आपली नसली तरी आपण तिला आपली म्हणतो. मात्र मद्रासच्या वाफेच्या गाड्यांचा स्वतःचा इतिहास याहून मोठा आहे आणि त्यात 'मराठा' हे नाव ठळक अक्षरांत लिहिलेले आहे.

मद्रासमध्ये लोखंडी रूळ फार लवकर आले. १८३७ च्या सुमारास रेड हिल्सहून चिंताद्रिपेटकडे रस्त्याच्या कामासाठी दगड वाहून आणणारा छोटा रूळमार्ग आर्थर कॉटन यांच्या देखरेखीखाली घातला गेला आणि त्यावर वाफेचे इंजिन चालवण्याचा प्रयोगही झाला. प्रवाशांची नियमित गाडी मात्र १ जुलै १८५६ रोजी रोयापुरमहून सुटली आणि वालाजा रोडपर्यंत सुमारे शंभर किलोमीटर गेली. रोयापुरमची खांबांची ती इमारत आजही उभी आहे. देशात टिकून राहिलेल्या स्थानकांच्या इमारतींत ती सर्वांत जुनी मानली जाते. मुंबईत बोरीबंदर ते ठाणे ही गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली होती, म्हणजे मद्रास मुंबईच्या मागे जेमतेम तीन वर्षे होते.

दोन्ही बाजूंनी रूळ एकमेकांच्या दिशेने सरकू लागले. मुंबईकडून येणाऱ्या ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीसमोर सह्याद्री उभा होता. बोरघाटात सदतीस फुटांमागे एक फूट असा चढ काढावा लागला. डोंगर फोडून बोगदे खणावे लागले. ऐन भरात या कामावर चाळीस हजारांहून अधिक मजूर होते. पटकीच्या साथींनी, दरडींनी आणि सुरुंगांनी त्यांतील हजारो माणसे गिळली. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल हा इंग्लंडहून आल्यावर थोड्याच काळात वारला, तेव्हा त्याच्या पत्नीने, अ‍ॅलिसने, कंत्राट पुढे चालवले. तिचे नाव इतिहासात राहिले. टोपल्या उचलणाऱ्या बायामाणसांचे राहिले नाही. १८६३ मध्ये घाट खुला झाला. त्याआधीच, १८६० मध्ये, रूळ सोलापूरला पोहोचले होते. १८७१ मध्ये कृष्णा ओलांडून आलेली मुंबईची वाट आणि मद्रासकडून आलेली वाट रायचूरला एकमेकींना मिळाल्या. एका समुद्राकाठच्या शहरातून दुसऱ्या समुद्राकाठच्या शहरात आगगाडीने जाता येऊ लागले. चेन्नईत स्थिरावलेल्या अनेक मराठी घराण्यांच्या वाटा याच सांध्यावरून गेल्या आहेत.

यानंतरचा अध्याय मात्र दुष्काळाने लिहिला. १८७६ ते १८७८ या काळात मद्रास इलाखा, म्हैसूर आणि दख्खन यांवर भीषण दुष्काळ कोसळला. चाऱ्याअभावी बैल मेले आणि बैल मेल्यावर धान्य हलवायचे साधनच उरले नाही. जेथे रूळ होते तेथेही सारे सुरळीत नव्हते. गाडीने धान्य आत येई, तसे भाव मिळेल तिकडे बाहेरही जाई. चेन्नईतील बकिंगहॅम कालव्याचा अड्यार आणि कूवम या नद्यांना जोडणारा भाग त्याच वर्षांत दुष्काळी कामावरच्या उपाशी माणसांनी खणला. पुढे १८८० च्या दुष्काळ आयोगाने अशा मुलखांत संरक्षक लोहमार्ग घालण्याची शिफारस केली. बेळगाव, धारवाड, विजापूर, कोल्हापूर आणि पटवर्धनी संस्थाने हा भाग इंग्रज 'दक्षिण मराठा मुलूख' म्हणून ओळखत. तेथे लोहमार्ग घालण्यासाठी १८८२ मध्ये 'सदर्न मराठा रेल्वे' स्थापन झाली. सोलापूरजवळच्या होटगीपासून विजापूरमार्गे गदगपर्यंतचा मीटर गेज मार्ग हे तिचे पहिले मोठे काम. काही वर्षांतच पुणे, सातारा रोड, मिरज, बेळगाव आणि लोंढा तिच्या रुळांनी जोडले गेले.

१९०८ मध्ये ही कंपनी आणि मद्रास रेल्वे एक झाल्या. नव्या कंपनीचे नाव 'मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे' असे ठेवण्यात आले आणि मुख्यालय मद्रासला राहिले. सेंट्रल स्थानकाशेजारची आजच्या दक्षिण रेल्वेच्या मुख्यालयाची भव्य दगडी इमारत १९२२ साली याच कंपनीसाठी उभी राहिली. विचार केला तर ही गोष्ट नवलाची वाटते. पुण्याहून मिरजेला निघालेला शेतकरी, कोल्हापूरहून महालक्ष्मीचे दर्शन घेऊन परतणारे कुटुंब, बेळगावहून शिक्षणासाठी पुण्याला जाणारा विद्यार्थी हे सारे मद्रासच्या कंपनीचे तिकीट काढून बसत. आणि इकडे मद्रासमध्ये तमिळ आणि तेलुगू भाषकांच्या तोंडी रोज 'मराठा' हे नाव येई. डब्यांवर, तिकिटांवर आणि वेळापत्रकांवर ते छापलेले असे. १४ एप्रिल १९५१ रोजी ही कंपनी, साउथ इंडियन रेल्वे आणि म्हैसूर संस्थानची रेल्वे मिळून दक्षिण रेल्वे झाली आणि ते नाव पुसले गेले. तरी हुबळी विभागाचा कारभार १९६६ पर्यंत मद्रासहूनच चालत होता. तंजावरच्या मराठी राज्याची स्मृती आपण सगळे जपतो. पण त्रेचाळीस वर्षे मद्रास आणि मराठा ही दोन नावे एकत्र जोडून चालणारी ही रेल्वे आपल्या आठवणीतून जवळजवळ निसटली आहे.

त्या काळचा प्रवास सोपा नव्हता. मद्रासहून बेळगाव-धारवाडकडे जायचे तर ब्रॉड गेजच्या गाडीने अर्कोणम, रेणिगुंटा, कडप्पा करत गुंतकलला उतरायचे आणि तेथून मीटर गेजची गाडी पकडून बळ्ळारी, होस्पेट, गदगमार्गे हुबळी गाठायची. रुळांतील अंतर बदलले की ट्रंका, वळकट्या, फिरकीचे तांबे आणि झोपाळलेली मुले यांना घेऊन फलाट बदलावा लागे. मालाचे तर याहून हाल; एका वाघिणीतून दुसऱ्या वाघिणीत सारी पोती हमालांच्या पाठीवरून जात. ठरावीक अंतरावर इंजिनाला पाणी द्यावे लागे, राख काढावी लागे, इंजिन बदलावे लागे. त्या सक्तीच्या थांब्यांत डबे उघडत, शेजाऱ्याशी बोलणे होई, नव्या भाषेतले दोन शब्द कानावर पडत. खिडकीत बसणाऱ्याच्या डोळ्यांत कोळशाचे कण जात आणि पांढरे धोतर मुक्कामी पोहोचेपर्यंत करडे होई. आज आपल्याला गोड वाटणारा प्रवास तेव्हा प्रवाशांना थकवणारा होता, हे विसरून चालणार नाही.

याहून अधिक थकत ती इंजिनावरची माणसे. वाफेच्या इंजिनाला कळ दाबून सुरू करता येत नाही. थंड बाष्पक तापवून पुरेसा दाब यायला काही तास लागतात. म्हणून पहाटेच्या गाडीसाठी लोकोशेडमध्ये मध्यरात्रीपासून आग पेटवावी लागे. धावत्या इंजिनावर ड्रायव्हरबरोबर दोन फायरमन असत. एक कोळसा फोडून पुढे सरकवी, दुसरा फावड्याने तो भट्टीत असा पसरवी की आग कोठे दाट आणि कोठे विरळ होऊ नये. चढ येण्याआधी दाब वाढवून ठेवणे, बाष्पकातील पाण्याची पातळी काचनळीत सतत पाहणे, उताराला वाफ राखणे, हे सारे डोळ्यांनी, कानांनी आणि अनुभवाने करायचे. समोर भट्टीची धग आणि पाठीला मद्रासचा उन्हाळा. एवढे करून कोळशातील उष्णतेचा दहावा हिस्साही गाडी ओढायला मिळत नसे. बाकीची धुराड्यातून आकाशात जाई. इंग्रजी अमदानीत मेल गाड्यांवरच्या ड्रायव्हरच्या जागा बहुतेक युरोपीय आणि अँग्लो-इंडियन यांच्याकडे असत. कोळसा फोडणारा, इंजिन पुसणारा खलाशी, सांधेवाला आणि गँगमन हे मात्र इथल्याच मातीतले. शिट्टीचा सूर ज्यांना दुरून ऐकू आला त्यांना तो करुण आणि रम्य वाटला. जे तिच्याजवळ उभे होते, त्यांच्यातील कित्येकांना वय झाल्यावर नीट ऐकूच येत नसे.

म्हणून वाफेचे युग संपले याची केवळ हळहळ करणे न्यायाचे होणार नाही. भारतातील पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत धावली, तर मद्रासमध्ये बीच ते तांबरम हा उपनगरी मार्ग १९३१ मध्येच विजेवर आला. १९५५ मध्ये पेरांबूरला इंटिग्रल कोच फॅक्टरी सुरू झाली आणि पोलादी डबे बाहेर पडू लागले. चित्तरंजनच्या कारखान्याने १९७० मध्ये ब्रॉड गेजचे शेवटचे वाफेचे इंजिन बांधले आणि त्याला 'अंतिम सितारा' असे समर्पक नाव दिले. १९९५ च्या अखेरीस ब्रॉड गेजवरची नियमित वाफेची वाहतूक थांबली. धूर गेला, वेळ वाचला, अंगमेहनत कमी झाली. हा बदल हवाच होता.

मग जपण्यासारखे त्यात काय आहे? याचे एक उत्तर तमिळनाडूतच मिळते. मेट्टुपाळयम ते कुन्नूर हा निलगिरीचा दातेरी रुळांचा मार्ग १८९९ मध्ये सुरू झाला. २००५ मध्ये त्याला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला आणि तेथे आजही वाफेचे इंजिन चढ चढते. मूळ इंजिने स्वित्झर्लंडमधली. ती म्हातारी झाली तेव्हा तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्याने त्याच धर्तीची नवी इंजिने घडवली. पेरांबूरने 'ईआयआर २१' उठवले तेही याच वाटेने. या कामांना नकाशे लागतात, तसे हातही लागतात: बाष्पकाची नळी कशी बसवायची, सांध्यातून वाफ गळते आहे हे आवाजावरून कसे ओळखायचे, हे ज्याला ठाऊक आहे असा माणूस लागतो. असे ज्ञान एका पिढीने पुढे दिले नाही, तर पुढच्या पिढीला ते पुस्तकातून पुरते मिळत नाही. नेरळ-माथेरानच्या छोट्या गाडीला किंवा बार्शी लाइट रेल्वेने पंढरपूरला गेलेल्या वारकऱ्यांच्या आठवणींनाही हेच लागू आहे.

आपल्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांत आणि पालकांत अशी घरे निश्चित असतील, ज्यांच्या आजोबांनी किंवा पणजोबांनी 'मद्रास अँड सदर्न मराठा'त अथवा दक्षिण रेल्वेत नोकरी केली. कोणाकडे जुना पास असेल, गार्डचा कंदील असेल, बदलीचा हुकूम असेल; कोणी रायचूरला किंवा गुंतकलला काढलेल्या रात्रीची हकिकत ऐकली असेल. हीरक महोत्सवाच्या निमित्ताने या वस्तू आणि या हकिकती, सांगणाऱ्याचे नाव, गाव आणि वर्ष यांसह, शाळेत नोंदवून ठेवता येतील. गुंतकलच्या फलाटावर ट्रंक घेऊन उभा असलेला प्रवासी आणि भट्टीपुढे फावडे घेऊन उभा असलेला फायरमन, दोघेही त्या नोंदीत यायला हवेत. मराठी मुलांना या शहरातील आपले पूर्वज केवळ तंजावरच्या दरबारातून आले नाहीत, तर कोळशाने काळवंडलेल्या तिसऱ्या वर्गाच्या डब्यातूनही आले, हे त्यातून कळेल. शाळेने एवढे केले, तर 'आगगाडी' आणि 'पुगैवंडी' हे दोन शब्द का टिकले, हे पुढच्या पिढीला विचारावे लागणार नाही.