डोक्यावरची हॅट आणि एका पेनीची कॉफी

एर्विन पॅनॉफ्स्की यांच्या १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘स्टडीज इन आयकॉनॉलॉजी’ या ग्रंथाचा आरंभ रस्त्यावरच्या एका साध्या प्रसंगाने होतो. ओळखीचा एक गृहस्थ समोरून येतो आणि हॅट उचलून अभिवादन करतो. या एका हालचालीत अर्थाचे किती थर आहेत, हे पॅनॉफ्स्की एकेक करून उलगडून दाखवतात. डोळ्यांना दिसतो तो आकारातला बदल. व्यवहारज्ञानाला कळते ते अभिवादन. आणि इतिहासाला दिसतो तो मध्ययुगीन योद्ध्यांचा संकेत. शिरस्त्राण उतरवून ‘माझा हेतू शांततेचा आहे’ असे सुचवण्याच्या रिवाजाचा तो अवशेष होय. पाश्चात्त्य संस्कृतीबाहेरच्या माणसाला ही हालचाल वाचता येणार नाही, हेही ते सांगतात. कलासमीक्षेच्या आपल्या वर्गांतून हा उतारा बहुधा पद्धतीचे उदाहरण म्हणून शिकवला जातो आणि हॅट मात्र तिथेच विसरली जाते. प्रस्तुत लेखात ती पुन्हा उचलून घ्यावयाची आहे. कारण समीक्षेच्या जन्मकथेत ती आहे, आणि त्या कथेच्या निवेदकांनी तिच्याकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही.

ही जन्मकथा परिचित आहे. युर्गेन हाबरमास यांचा लोकक्षेत्राविषयीचा ग्रंथ जर्मनमध्ये १९६२ साली आला आणि इंग्रजीत १९८९ साली. त्याआधीच, १९८४ साली, टेरी ईगल्टन यांनी ‘द फंक्शन ऑफ क्रिटिसिझम’मध्ये आधुनिक इंग्रजी समीक्षेचा उगम अनियंत्रित राजसत्तेविरुद्धच्या झगड्यात आणि अठराव्या शतकाच्या आरंभीच्या नियतकालिकांच्या व कॉफीगृहांच्या जगात दाखवला होता. तिथे माणसाचा दर्जा नव्हे, तर त्याचा युक्तिवाद मोजला जाई, असा या मांडणीचा गाभा आहे. मराठीत ही मांडणी आपण जवळजवळ जशीच्या तशी स्वीकारली आहे. प्रश्न असा, की समतेच्या त्या टेबलाभोवती बसलेल्यांच्या डोक्यांवर काय होते?

सतराव्या शतकातील इंग्लंडमध्ये पुरुष हॅट घराबाहेर तर घालीतच, पण घरात आणि जेवतानाही घालीत. सॅम्युएल पीप्स याने सप्टेंबर १६६४ मध्ये आपल्या रोजनिशीत डोके धरल्याची तक्रार नोंदवली आहे. कारण काय, तर जेवताना हॅट काढून टाकली आणि मानेवर वारा लागला. अशा समाजात हॅट ‘नसणे’ हीच अर्थपूर्ण घटना होती. कनिष्ठाने वरिष्ठापुढे, मुलाने बापापुढे, प्रजेने राजापुढे डोके उघडे करायचे, आणि वरिष्ठाने अनुज्ञा दिल्यावर पुन्हा झाकायचे. या व्यवहाराचे अलिखित व्याकरण इतके काटेकोर होते की ते मोडणे म्हणजे सरळ राजकीय विधान ठरे. जानेवारी १६४९ मध्ये पहिल्या चार्ल्सने खटल्यात हॅट काढली नाही, कारण त्याला ते न्यायालयच मान्य नव्हते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये डिगर पंथाचे विन्स्टन्ली आणि एव्हरार्ड सेनापती फेअरफॅक्ससमोर हॅटा न काढता उभे राहिले, कारण त्यांच्या लेखी तोही आपल्यासारखाच देवाचा जीव होता. एकच कृती राजानेही केली आणि राजसत्तेच्या शत्रूंनीही केली. चिन्हमीमांसेच्या विद्यार्थ्याने या दोन उदाहरणांवर थोडे थांबावे.

क्वेकर पंथीयांनी या नकाराला नित्याच्या आचाराचे रूप दिले. माणसापुढे हॅट काढायची नाही, असा देवाचाच आदेश आपल्याला असल्याचे जॉर्ज फॉक्स सांगत असे. १६७० च्या सप्टेंबरात विल्यम पेन आणि विल्यम मीड यांना ओल्ड बेलीत उभे करण्यात आले तेव्हा झालेला प्रकार तर प्रहसनात शोभावा असा आहे. दारातल्या शिपायाने त्यांच्या हॅटा आधीच काढून घेतल्या होत्या; न्यायपीठाने त्या पुन्हा डोक्यावर ठेवायला लावल्या आणि मग ‘हॅट काढत नाहीत’ म्हणून प्रत्येकाला चाळीस मार्कांचा दंड केला! अपमान झाला हे सिद्ध करण्यासाठी अपमान आधी घडवून आणणे भाग होते. सत्तेला चिन्हाची गरज किती असते, हे यापेक्षा स्पष्ट कुठे दिसेल?

अशा या लंडनमध्ये १६५२ च्या सुमारास पास्क्वा रोझे याने कॉर्नहिलजवळच्या सेंट मायकेल्स अ‍ॅलीत कॉफी विकायला सुरुवात केली. ती कॉफी आजच्या जिभेला बहुधा रुचली नसती. उकळून ठेवलेली, काळी, काजळीच्या चवीची म्हणून विरोधकांनी हिणवलेली, बिनकानाच्या पसरट वाटीतून सोसेल तितकी गरम घेतलेली. पण तिच्याबरोबर शेकोटी मिळे, मातीची चिलीम मिळे, ताजी बातमीपत्रे मिळत आणि अनोळखी माणसाशी बोलण्याची मुभा मिळे. हे सारे एका पेनीत. माणूस मद्यालयातून डुलत बाहेर पडे. इथून तो अधिक जागा होऊन बाहेर पडे. या सुखाचे राजकीय मोल दुसऱ्या चार्ल्सला बरोबर कळले होते. २९ डिसेंबर १६७५ रोजी त्याने कॉफीगृहे बंद करण्याची घोषणा काढली, आणि ती अमलात येण्याआधीच, ८ जानेवारीला, लोकक्षोभामुळे मागे घेतली.

१६७४ साली कॉफीच्या गुणवर्णनाबरोबर छापले गेलेले कॉफीगृहाचे पद्यबद्ध नियम समतेचा पुरावा म्हणून वारंवार उद्धृत होतात. सरदार असो वा व्यापारी, सर्वांनी एकत्र बसावे; मिळेल ती जागा घ्यावी; कुणी बडा आला म्हणून उठून जागा देऊ नये; शिवी दिल्यास बारा पेन्स दंड; भांडण उकरून काढणाऱ्याने सर्वांना कॉफी पाजावी. हा मजकूर म्हणजे मुळात विक्रेत्याची जाहिरात आहे, आणि तिचा सूर थट्टेचा आहे. त्याला सनदेचे गांभीर्य देणे ही अभ्यासकांची हौस आहे. तरीही जाहिरात खोटी असली तरी तिच्यातील आकर्षण खरे असते, म्हणून ती वाचलीच पाहिजे.

तिच्यात आसनाचा नियम आहे, हॅटचा नाही. मात्र एक चमत्कारिक कलम आहे, ज्याकडे माझ्या समजुतीप्रमाणे पुरेसे लक्ष गेलेले नाही. कॉफीची वाटी उंचावून मित्राच्या नावाने पिणाऱ्यालाही भांडखोराइतकाच दंड. शिष्टाचाराला दंड का? मद्यालयात कुणाच्या आरोग्यासाठी पेला उचलणे हा साधा स्नेहाचा प्रकार नव्हता. तो हॅट काढून, राजनिष्ठांच्या बैठकीत तर गुडघे टेकून, पार पाडण्याचा विधी होता. कुणाच्या नावाने प्यायले, कोण उघड्या डोक्याने प्यायला आणि कोण नाही, यावरून पक्ष ओळखले जात आणि तलवारीही निघत. पेला उंचावण्याचा विधी काढून टाकला की हॅट काढण्याचा एक मोठा प्रसंगही आपोआप नाहीसा होतो. पद्यकाराने हॅटचे नाव न घेता तिला डोक्यावर स्थिर केले, असे मला वाटते. (एका हातात तापलेली वाटी आणि दुसऱ्या हातात चिलीम असलेल्या माणसाजवळ अभिवादनासाठी तिसरा हात उरत नाही, हाही मुद्दा अगदीच क्षुल्लक नाही.)

तेव्हा कॉफीगृहातील समता ही परस्परांना मान देण्यातून उभी राहिलेली नाही. मान देण्याची एक रीत निलंबित करण्यातून ती आली आहे. दोहोंत अंतर आहे. निलंबित केलेली रीत दाराबाहेर जशीच्या तशी उभी असते. आणि दाराच्या आतही, न काढलेली हॅट मुकी राहत नाही. पीप्सने जून १६६१ मध्ये बीव्हरच्या लोकरीची एक हॅट घेतली. किंमत चार पौंड पाच शिलिंग. पेनीत मांडायचे तर एक हजार वीस. म्हणजे ज्या टेबलाशी सर्वजण एका पेनीत समान होत, त्याच टेबलाशी हजार वाट्या कॉफीची किंमत डोक्यावर घेऊन माणूस बसू शकत होता, आणि शेजारच्याची हॅट साध्या लोकरीची आहे हे कुणालाही न सांगता दिसत होते.

बीव्हरच्या हॅटचे आणि कॉफीगृहाचे नाते याहून जवळचे आहे. हडसन्स बे कंपनीला १६७० साली राजाची सनद मिळाली आणि तिच्या बीव्हरच्या कातड्यांचा पहिला लिलाव १६७२ साली झाला तो गॅरवेच्या कॉफीगृहात. कॅनडातील मूलनिवासींनी अंगावर वापरून जुनी केलेली कातडी सर्वांत मोलाची समजली जात. कारण अंगाच्या तेलकटपणाने वरचे राठ केस गळून जात आणि उरलेली मऊ लोकर नमद्यासाठी उत्तम ठरे. लंडनच्या सभ्य गृहस्थाच्या मस्तकावर दूरच्या कुणाच्या तरी अंगाचा घाम होता. कॉफी मोख्याहून येई; पुढे ती वेस्ट इंडीजमधील गुलामांच्या मळ्यांतून येऊ लागली. हाबरमास यांच्या टेबलावर या दोन्ही वस्तू ठेवलेल्या आहेत. त्या आल्या कुठून, याची चौकशी मात्र तिथे होत नाही.

‘टॅटलर’ आणि ‘स्पेक्टेटर’ यांच्याकडे आले की चित्र अधिकच गुंतागुंतीचे होते. १७०९ च्या एप्रिलमध्ये स्टीलने ‘टॅटलर’ सुरू केला तेव्हा मजकुराची विभागणीच कॉफीगृहांच्या नावांनी केली. काव्याची चर्चा विल्समधून, विद्येची ग्रीशियनमधून, राजकीय बातम्या सेंट जेम्समधून, आणि रंगेल गप्पा व्हाइट्सच्या चॉकलेटगृहातून. वाङ्मयप्रकारांची विभागणी अशी पत्त्यांवर झालेली इतरत्र क्वचितच आढळेल. पण ‘स्पेक्टेटर’च्या ४९ व्या अंकात स्टीलने रेखाटलेले कॉफीगृह पाहावे. सकाळी आठ वाजता काही तरुण वकील रंगीबेरंगी झगे, टोप्या आणि सपाता घालून येतात आणि हा घरगुती पोशाखच प्रतिष्ठेची निशाणी म्हणून मिरवतात. पुढे युब्युलस नावाचा एक सज्जन येतो; त्याच्याभोवती श्रोत्यांचे मंडळ जमते आणि तो जणू छोट्या दरबारातील राजाप्रमाणे बसतो. स्टील त्याच्यावर टीका करत नाही, कौतुकच करतो. विल्समध्ये ड्रायडनची खुर्ची हिवाळ्यात शेकोटीजवळ आणि उन्हाळ्यात सज्जात असे, आणि त्याच्या तपकिरीच्या डबीतून चिमूट मिळणे हा होतकरू कवीला बहुमान वाटे. हॅटचा मान गेला. चिमटीचा मान आला. समीक्षेचा जन्म समतेत झाला असे म्हणणाऱ्यांनी या डबीचा हिशेब द्यायला हवा.

स्त्रिया तर या हिशेबात जवळजवळ नाहीतच. सतराव्या शतकाच्या अखेरचे, कॉफीगृहाचे अंतरंग दाखवणारे एक चित्र ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यात लांब टेबलांशी विगधारी पुरुष वाचत, ओढत, बोलत बसले आहेत आणि एका बाजूला, गल्ल्यामागे, उंच शिरोभूषण घातलेली एकच स्त्री आहे. तिने काय ऐकले, हे तिला कुणी विचारले नाही. ब्रायन कोवन यांचा २००५ सालचा कॉफीच्या सामाजिक जीवनावरील ग्रंथ वाचल्यानंतर हाबरमासप्रणीत चित्र जसेच्या तसे स्वीकारणे कठीण आहे. आणि हॅटच्या ओसरत्या मानाविषयी पेनेलोप कॉरफिल्ड यांनी १९८९ सालीच लिहिलेला निबंध कॉफीच्या अभ्यासकांनी अधिक वाचायला हवा होता.

आता आपल्याकडे. युरोपीय माणसाला मराठीने दिलेले नावच मुळी हॅटवरून आले आहे. आज्ञापत्रातही हा परका ‘टोपीकर’ आहे. ते नाव देणाऱ्याच्या स्वतःच्या डोक्यावर पागोटे किंवा पगडी होती आणि तिचे व्याकरण नेमके उलटे होते. आदर दाखवायचा तो डोके झाकून आणि पायांतले जोडे काढून. उघडे डोके म्हणजे सुतक, नाहीतर मानहानी. पॅनॉफ्स्कींचा तो गृहस्थ पेशवाईतल्या पुण्यात हॅट उचलता, तर त्याच्या घरी काय अशुभ घडले, अशी चौकशी झाली असती. एकोणिसाव्या शतकात ही दोन व्याकरणे न्यायालयांत आणि दरबारांत एकमेकांना भिडली ती मस्तकावर नव्हे, तर पायांत. १८६२ साली सुरतेच्या न्यायालयात एका पारशी गृहस्थाने जोडे काढण्यास नकार दिल्यावर उठलेला वाद प्रसिद्ध आहे.

याच शतकात अ‍ॅडिसन आणि जॉन्सन मराठीत आले. पण ते आले कॉलेजच्या अभ्यासक्रमातून, ग्रंथांतून; कॉफीगृहातून नव्हे. १८७४ साली ‘निबंधमाला’ सुरू करणाऱ्या विष्णुशास्त्र्यांपुढे इंग्रजी निबंधाचा आदर्श होता, त्यामागचे टेबल नव्हते. मराठी समीक्षेला छापखाना मिळाला. एकत्र बसून पिण्याची जागा मिळाली नाही. हा फरक तपशिलाचा आहे असे मी मानत नाही, आणि त्याचा पुरावा पुण्यातच आहे.

ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमधील एका व्याख्यानानंतर उपस्थितांना चहा-बिस्किटे देण्यात आली. न्यायमूर्ती रानडे तिथे होते, टिळकही होते. दोघांची मते परस्परविरोधी होती आणि त्या खोलीत ते एकत्र बसले होते. हाबरमास यांना याहून अधिक काय हवे? पण पुढचे सारे उलटे झाले. लंडनमध्ये टेबलावरचे बोलणे छापखान्यात जाई. इथे गोपाळराव जोशी यांच्या खटपटीने उपस्थितांची नावे ‘पुणे वैभवा’त छापली गेली, आणि त्या छापील यादीने टेबलाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी झाली. टिळकांनी आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानडे यांनी १८९२ साली मित्रांखातर प्रायश्चित्त घेतले आणि सुधारकांची नाराजी ओढवून घेतली. त्या खोलीत कोण काय बोलले, याची पुढच्या दोन वर्षांत कुणी विचारपूस केली नाही. वाद झाला तो कुणी कप नुसता हातात घेतला आणि कुणी तो ओठांना लावला, एवढ्यावर.