चाळींतली गॅलरी आणि ब्लॉकचें दार

नंदुरबार तालुक्यांतील कोरीट, किंवा खानदेशांतील तसलेंच दुसरें एखादें खेडें घेतलें, तर तेथें परक्या माणसास कोणाचें घर शोधावयाला फारसे प्रयास पडत नाहींत. नांव व जात सांगितली कीं आळी कळते, आणि आळी कळली कीं घर सांपडतें. महाराष्ट्रांतील बहुतेक जुन्या गांवांची मांडणी अशी जातवार झालेली आहे. मुंबईसारखें शहर या मांडणीला अपवाद ठरेल, एकाच जिन्यानें दहा जातींचीं माणसें चढूं-उतरूं लागतील आणि हळूहळू आळ्यांचा विसर पडेल, अशी अपेक्षा करणें स्वाभाविक होतें. घडलें मात्र कांहीं निराळें. तें कसें घडलें हें मुंबईंतील ब्लॉकांच्या इतिहासावरून चांगलें दिसून येतें.

ब्लॉकापूर्वी चाळ होती. गिरण्या व कचेऱ्या वाढल्या त्याबरोबर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत शहरांत चाळी उठल्या. एका रांगेंत खोल्या, त्यांच्या पुढून जाणारी लांब गॅलरी, आणि टोकाला सर्वांचा मिळून नळ व संडास, अशी त्यांची सर्वसाधारण रचना. गॅलरींत वाळवणें पडत, मुलें पाढे म्हणत, उन्हाळ्यांत पुरुषमंडळी वळकट्या पसरून निजत. दिवसा दार लावून बसणारा बिऱ्हाडकरू शिष्ट समजला जाई. नळावरचीं भांडणें नित्याचींच; तथापि कोणाच्या घरीं दुखणें आलें तर तें पहिल्या तासांत सबंध मजल्यास ठाऊक होई. शौचकूप बहुधा टोपल्यांचे असत, आणि मैला नेणारे मेहतर दोन इमारतींमधल्या अरुंद घरगल्लींतून येत-जात. वास्तूचा हा भाग राहत्या जागेपासून दूर आणि दृष्टीआड असावा, ही सोंवळ्याची जुनी समजूत चाळीनेंही पाळली होती.

१८९६ च्या सप्टेंबरांत मांडवी भागांत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनीं ग्रंथिक सन्निपाताचा, म्हणजे प्लेगचा, रोगी ओळखला. पुढच्या कांहीं महिन्यांत हजारों लोक शहर सोडून पळाले. रोगाचें मूळ दाट वस्तींत आहे असें मानून सरकारनें १८९८ सालीं कायदा करून सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. ट्रस्टनें जुनी वस्ती फोडून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते काढले. ज्यांचीं घरें या कामीं पाडलीं गेलीं त्यांपैकीं पुष्कळांना नव्या जागा परवडल्या नाहींत व ते शेजारच्या चाळींत अधिकच दाटीनें शिरले, हा ट्रस्टवरील ठपका खोटा म्हणतां येणार नाहीं. ट्रस्टचें दुसरें काम उत्तरेकडे चाललें होतें. दादर-माटुंग्याकडील मोकळी जमीन ताब्यांत घेऊन तेथें रस्ते व बागा आखावयाच्या, आणि भूखंड लांब मुदतीच्या पट्ट्यानें द्यावयाचे, अशी ही योजना होती.

पट्टा कोणीं घ्यावयाचा? एकट्या कारकुनाची ती ऐपत नव्हती. या अडचणींतून सहकारी गृहसंस्था निघाली. श्रीपाद सुब्बराव तालमकी यांच्या पुढाकारानें १९१५ सालीं गांवदेवी येथें सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी स्थापन झाली. जमीन ट्रस्टच्या पट्ट्याची, इमारती संस्थेच्या, आणि सभासद हे संस्थेचे भाडेकरू, असा तिचा व्यवहार. घरमालकाच्या मर्जीवर जगणाऱ्या नोकरदारांना तिच्यामुळें प्रथमच निर्धास्तपणें छप्पर लाभलें. पण सभासद सर्व एकाच ज्ञातीचे. परक्या शहरांत कर्जफेडीची हमी देणारें दुसरें कोण होतें? ज्ञातीचा माणूस बुडविणार नाहीं, हा तो विश्वास. जातीनें येथें पतपेढीचें काम केलें, आणि हें काम तिनें उत्तम केलें, हें टीकाकारांनींही ध्यानांत घ्यावें.

या काळांत जें नवें बिऱ्हाड तयार झालें त्याला मुंबईकर ‘ब्लॉक’ म्हणूं लागले. दोन-तीन खोल्या, स्वैंपाकघर, न्हाणी आणि शौचकूप, सर्व एका दाराच्या आंत. पाण्याच्या लोंढ्यानें मैला वाहून नेणारी गटारें झाल्यामुळें हें शक्य झालें. पण नळ बसविण्यापेक्षां मनाची समजूत घालणें कठीण होतें. देवघर आणि शौचकूप एका छपराखालीं कसे नांदावेत? तडजोड अशी निघाली कीं शौचकूप मागील टोकाला ठेवावा, आणि तो झाडावयास येणाऱ्या माणसासाठीं इमारतीच्या पाठीमागून लोखंडी चक्री जिना चढवावा. पुढच्या जिन्यानें त्यानें येऊं नये. जुन्या इमारतींच्या पाठीशीं हे जिने अजूनही कोठें कोठें गंजत उभे असलेले दिसतात. ब्लॉकचें दार मात्र आंतून बंद झालें तें झालेंच. शेजाऱ्याची गांठ पडण्याचें नळासारखें ठिकाण उरलें नाहीं.

दादरच्या पूर्वेस मंचरजी एदलजी जोशी या अभियंत्यानें मध्यमवर्गीय पारशांकरितां ट्रस्टकडून १०३ भूखंड मिळविले. तीच पारशी कॉलनी. तिच्या शेजारींच हिंदू कॉलनी वसली. माटुंग्यास दक्षिणेकडचे कारकून व हिशेबनीस आले. त्यांनीं १९३२ सालीं साउथ इंडियन एज्युकेशन सोसायटी काढली, आणि १९४२ पासून स्टेशनाजवळ रामा नायक यांच्या उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंगांत पानें पडूं लागलीं. शिखांचें खालसा कॉलेज व रुइया कॉलेज हीं दोन्ही १९३७ चीं. पुढें गुजराती व कच्छी कुटुंबें आलीं. रस्त्यावरून चालणाऱ्यास अर्ध्या तासांत पांच-सहा भाषा ऐकूं येत. जिना चढूं लागल्यावर मात्र बहुधा एकच.

या वस्तींत १९३४ सालीं एक गृहस्थ राहावयास आले. परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळींत दोन खोल्यांत त्यांनीं वीसांहून अधिक वर्षें काढलीं होतीं, आणि आतां त्याच ट्रस्टनें आंखलेल्या हिंदू कॉलनींत मुख्यतः ग्रंथसंग्रहासाठीं त्यांनीं ‘राजगृह’ बांधलें होतें. ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर होत. १९१७ सालीं बडोद्यास उच्च पदाची नोकरी असूनही त्यांना राहावयास जागा मिळाली नव्हती. पारशी नांव घेऊन ते एका पारशी विश्रामगृहांत उतरले, आणि थोड्याच दिवसांत लाठ्या घेऊन आलेल्या जमावानें त्यांना बाहेर काढलें. ही हकीकत त्यांनीं स्वतःच लिहून ठेविली आहे. दादरला त्यांनीं कोणाकडे जागा मागितली नाहीं, स्वतःची बांधली. या हिंदू कॉलनींतील घरांत राहत असतांनाच, १९३५ च्या ऑक्टोबरांत, येवल्यास जाऊन त्यांनीं हिंदू म्हणून मरणार नसल्याचें जाहीर केलें. कॉलनीच्या नांवाकडे पाहिलें म्हणजे हा योगायोग विलक्षण वाटतो.

फाळणीनंतर सिंधी व पंजाबी निर्वासित शीव-कोळीवाड्यास आले, वस्ती आणखी मिसळली. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें जुन्या भाडेकरूंस अभय मिळालें, पण नवी भाड्याची घरें बांधण्याचा उत्साह मावळला व मालकीच्या ब्लॉकांचे दिवस आले. १९६० चा सहकारी संस्थांचा आणि १९६३ चा मालकी सदनिकांचा कायदा हे त्या ओघांतले. सभासदत्व एका समाजापुरतें ठेवतां येतें काय, हा प्रश्न मात्र कित्येक वर्षें तसाच राहिला. अखेर अहमदाबादच्या एका पारशी गृहसंस्थेच्या खटल्यांत २००५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें असा पोटनियम वैध ठरविला. भेदभाव न करण्याचें घटनेचें बंधन सरकारवर आहे, आपखुशीनें एकत्र आलेल्या संस्थेवर तें तसें लागू होत नाहीं, असा त्या निकालाचा आशय.

असले पोटनियम थोड्याच संस्थांत लेखी आहेत, पण त्यांची गरजही फारशी पडत नाहीं. भाड्याचा ब्लॉक पाहावयास गेलेल्या तरुणास दलाल प्रथम आडनांव विचारतो, मग खाण्यांत काय चालतें तें विचारतो, आणि उत्तर मालकाच्या मनासारखें नसलें तर जागा कालच गेल्याचें सांगतो.