‘हंगामी’ या एका शब्दाचा इतिहास

मार्च 2020 मध्ये आपल्या राज्यात जो साथरोग कायदा लागू झाला तो 1897 चा. मुंबईच्या प्लेगच्या वेळचा, जेमतेम चार कलमांचा. सरकारला काय काय करता येईल ते त्यात आहे. पण आधीच दुखणेकरी असलेला कामगार साथीत घरी थांबला तर त्याच्या मजुरीचं काय, यावर अवाक्षर नाही.

त्याचं उत्तर दुसऱ्या कागदांत शोधावं लागतं. 19 मे 2020 ला केंद्राच्या कार्मिक विभागाने कळवलं की ज्या कर्मचाऱ्यांवर टाळेबंदीआधीपासून जुन्या आजाराचे उपचार चालू आहेत, त्यांना डॉक्टरांची चिठ्ठी दाखवल्यावर शक्यतो पाळीच्या हजेरीतून सूट द्यावी. गरोदर स्त्रिया आणि अपंग कर्मचारी यांनाही तशीच सूट. चांगला आदेश होता, पण सरकारी कचेरीपुरता.

आता यवतमाळला या. हा कापसाचा जिल्हा. इथला कापूस वाहून न्यायला इंग्रजी अमदानीत शकुंतला रेल्वे धावली, एवढा त्याचा दबदबा. यवतमाळ, वणी, पांढरकवडा, सगळीकडे जिनिंग. सरकी आणि रुई वेगळी होताना जी धूळ उडते ती काम करणाऱ्यांच्या छातीत जाते. वर्षानुवर्षं गेली की श्वास जड होतो. म्हणजे फुप्फुसावर हल्ला करणाऱ्या साथीत ज्यांना आधी जपायला हवं होतं, त्यांच्यातली ही माणसं.

त्यांच्यासाठी काय होतं? 29 मार्च 2020 ला गृह मंत्रालयाने पूर्ण पगाराचा आदेश काढला, पण तो बंद काळापुरता, आणि 18 मेपासून तोही उठला. कारखाना उघडल्यावर दमेकरी बाईने घरी थांबायचं तर आधार एकच उरतो : कर्मचारी राज्य विमा. विमाधारक आजारी पडला की वर्षात 91 दिवसांपर्यंत मजुरीच्या सत्तर टक्के रक्कम मिळते.

आणि इथेच मेख आहे बघा. प्राध्यापक आडारकरांच्या 1944 च्या अहवालातून या योजनेचा आराखडा आला, 1948 ला कायदा झाला. तो कारखान्यांना लागू होता, ‘हंगामी कारखाने’ सोडून. हंगामी म्हणजे कोणते? यादी कायद्यातच होती : कापूस जिनिंग, कापूस-ताग प्रेसिंग, शेंगा फोडणं, साखर, चहा वगैरे. विम्याचं गणित सलग वर्गणीवर चालतं, चार-सहा महिन्यांच्या कामगाराची वर्गणी कशी धरायची, ही अडचण मी समजू शकतो. 1948 मध्ये ती खरी होती. पुढच्या सत्तर वर्षांत ती सोडवता आली नसती, हे मात्र मला पटत नाही. छातीतली धूळ काही हंगाम संपला म्हणून निघून जात नाही.

सप्टेंबर 2020 मध्ये, साथ ऐन भरात असताना, संसदेने सामाजिक सुरक्षा संहिता मंजूर केली. ॲपवर जेवण पोचवणाऱ्यांचं नाव त्यात पहिल्यांदा आलं. आरोग्य विम्याच्या भागात मात्र ‘हंगामी कारखाना वगळून’ हे शब्द कायम राहिले, आणि त्या कारखान्यांच्या व्याख्येत पहिलं नाव अजूनही कापूस जिनिंगचंच आहे.