काचेवरचं बटण

मोबाइलच्या पडद्यावर आपण दिवसातून शेकडो वेळा बटण दाबतो. खरं म्हणजे तिथे दाबण्याजोगं काहीच नसतं. भिंतीवरचा दिव्याचा खटका खाली केला की 'खट्' असा आवाज येतो, आतली स्प्रिंग बोटाला जाणवते. हार्मोनियमची पट्टी खाली जाते आणि बोट उचललं की वर येते. काच मात्र होती तशीच राहते. तिच्यावर असतं ते बटणाचं चित्र. त्या चित्राने कसं दिसायचं, बोट लागल्यावर काय करायचं, बोट उचलल्यावर काय करायचं, हे सगळं कोणीतरी बसून, विचार करून, ओळीमागून ओळ लिहिलेलं असतं.

या लिहिणाऱ्यांचाही एक इतिहास आहे. त्यात लढाया नाहीत, तह नाहीत, पण आपल्या रोजच्या जगण्यावर त्याचा परिणाम एखाद्या तहाइतकाच झाला आहे. म्हणून तो थोडक्यात सांगावासा वाटतो.

बोटाने चालणाऱ्या पडद्याची कल्पना मोबाइलच्या कितीतरी आधीची. इंग्लंडमध्ये माल्व्हर्न इथे रॉयल रडार एस्टॅब्लिशमेंट नावाची सरकारी संशोधन संस्था होती. तिथल्या ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ साली अशा पडद्याविषयी एक छोटासा लेख प्रसिद्ध केला. त्यांच्या डोळ्यांसमोर होते विमानांच्या वाहतुकीवर लक्ष ठेवणारे कर्मचारी. आकाशात विमानं वाढत होती आणि टंकलेखन यंत्रासारख्या कळफलकावर एकेक अक्षर शोधत बसायला वेळ नव्हता. पडद्यावर त्या घडीला लागतील तेवढेच पर्याय दाखवावेत आणि माणसाने हव्या त्या पर्यायावर बोट ठेवावं, अशी ती योजना होती.

पुढचा टप्पा जिनिव्हाजवळच्या सर्न या संस्थेतला. तिथे सुपर प्रोटॉन सिंक्रोट्रॉन हा सात किलोमीटर परिघाचा प्रचंड कणत्वरक उभारला जात होता. जुन्या पद्धतीने गेलं असतं तर त्याच्या नियंत्रण कक्षात हजारो बटणं, खुंट्या आणि खटके बसवावे लागले असते, आणि त्यांची भिंतच उभी राहिली असती. बेंट स्टुम्प या डॅनिश अभियंत्याने मार्च १९७२ मध्ये हाताने लिहिलेल्या एका टिपणात वेगळा उपाय सुचवला : काचेवर फक्त सोळा बटणं ठेवायची, पण त्यांचा अर्थ संगणकाने गरजेप्रमाणे बदलायचा. एक बटण दाबलं की त्याच सोळा जागांवर नवी सोळा नावं यायची. १९७६ साली हा कणत्वरक सुरू झाला तेव्हा त्याचा कारभार अशाच पडद्यांवरून चालला. आज आपण अ‍ॅपमध्ये एका मेनूतून दुसऱ्या मेनूत जातो, त्यामागे हीच युक्ती आहे. जागा थोडी, कामं पुष्कळ. मग एकाच जागेला आळीपाळीने वेगवेगळी कामं द्यायची.

आता अमेरिकेत जाऊ. १९८१ च्या सुमारास अ‍ॅपल कंपनीत 'लिसा' नावाच्या संगणकाचं काम चालू होतं. तिथे लॅरी टेस्लर नावाचे एक गृहस्थ होते. सामान्य माणसांना बोलवायचं, संगणकासमोर बसवायचं आणि ते कुठे अडखळतात हे पाहायचं, असा त्यांचा परिपाठ. कामाला संमती देण्याच्या बटणावर तेव्हा 'डू इट' म्हणजे 'कर' असे शब्द होते. एक माणूस त्या बटणापाशी येऊन थबकला आणि चिडला. विचारल्यावर कळलं, की त्याने ते 'डोल्ट' असं वाचलं होतं! डोल्ट म्हणजे मठ्ठ. त्या अक्षरवळणात दोन शब्दांमधली जागा इतकी कमी होती आणि मोठा 'आय' छोट्या 'एल'सारखा इतका दिसत होता, की यंत्र आपल्याला मठ्ठ म्हणतंय अशी त्या बिचाऱ्याची समजूत झाली. मग ते शब्द गेले आणि 'ओके' आलं. लिसावर काम करणाऱ्यांच्याच गोटातला हा किस्सा अँडी हर्ट्झफेल्ड यांनी लिहून ठेवला आहे.

मला या गोष्टीतलं विशेष वाटतं ते असं. 'नीट वाचता येत नाही का?' असं त्या माणसाला कोणी म्हटलं नाही. फळ्यावरचं अक्षर शेवटच्या बाकावरून दिसत नसेल तर शिक्षकाने अक्षर मोठं काढायचं असतं, मुलावर ओरडायचं नसतं. टेस्लर यांनी तेच केलं. पुढे १९८८ साली डोनाल्ड नॉर्मन या मानसशास्त्रज्ञांनी रोजच्या वापरातल्या वस्तूंवर एक पुस्तक लिहिलं. त्यातही त्यांनी हाच मुद्दा उदाहरणं देऊन मांडला. दार ढकलायचं की ओढायचं हे कळत नसेल तर दोष दार बनवणाऱ्याचा.

त्याच १९८८ साली मेरीलँड विद्यापीठात पॉटर, वेल्डन आणि श्नायडरमन या तिघांनी एक प्रयोग केला. प्रश्न साधा होता : काचेवर बोट टेकताक्षणी बटण दाबलं गेलं असं मानायचं, की बोट उचलल्यावर? त्यांना असं आढळलं, की बोट उचलल्यावर काम झालं तर माणसांच्या चुका कमी होतात. कारण टेकलेलं बोट सरकवून नेम दुरुस्त करायला संधी मिळते. तुमच्या मोबाइलवर आत्ता करून पाहा. एखाद्या बटणावर बोट ठेवा, पण उचलू नका. तसंच बाजूला सरकवा आणि मग उचला. बहुतेक वेळा काहीच होणार नाही. बोलता बोलता शब्द ओठांवर यावा आणि माणसाने तो गिळावा, तशी ही सोय आहे. आयफोनसाठी अ‍ॅप लिहिणारे साध्या बटणासाठी जी सूचना वापरतात, तिचं नावच मुळी 'टच अप इनसाइड', म्हणजे बोट बटणाच्या आत असताना उचललं गेलं, असं आहे.

अशी आणखीही कितीतरी पथ्यं आहेत. पॉल फिट्स यांनी १९५४ साली दाखवून दिलं होतं, की लक्ष्य जितकं लहान आणि लांब, तितका तिथे नेमका हात पोचायला वेळ जास्त. त्याच विचाराने अँड्रॉइडच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये बोट लावायची जागा साधारण नऊ मिलिमीटर तरी असावी असं सांगितलं जातं. चित्र लहान असलं तरी त्याच्याभोवतीची न दिसणारी जागाही बोट ओळखते. रॉबर्ट मिलर यांनी १९६८ साली लिहिलं, की यंत्राने सुमारे एक दशांश सेकंदात उत्तर दिलं तरच माणसाला ते तत्काळ मिळाल्यासारखं वाटतं. म्हणून बोट लागताच बटणाचा रंग गडद होतो. २०१४ पासून अँड्रॉइडवर पाण्यात खडा पडल्यासारखं वलय उमटतं. प्रत्यक्ष काम व्हायला वेळ लागला तरी 'ऐकलं हं!' एवढं लगेच सांगायचं. हाक मारल्यावर घरातून 'आलो' असा आवाज यावा, तसंच हे.

२००७ साली आयफोन आला आणि ही सगळी साठवलेली शहाणीव लोकांच्या खिशात आली. त्यातली एक गोष्ट फार बोलकी आहे. यादी बोटाने वर सरकवत नेली आणि ती संपली, की जरा जास्त ओढली जाऊन पुन्हा जागेवर येते, रबर ताणून सोडावं तशी. बास ओर्डिंग यांनी हे तयार केलं. यादी संपल्यावर पडदा नुसताच थांबला तर यंत्र अडकलं असं वाटत होतं. 'यादी संपली' अशी पाटी न लावता त्यांनी ते नुसत्या हालचालीतून सांगितलं. ही युक्ती पाहिल्यावर आपण फोन बनवू शकतो असं वाटलं, असं स्टीव्ह जॉब्स यांनी २०१० साली एका जाहीर मुलाखतीत सांगितलं होतं. पुढे या रबरावरून आणि अशाच इतर गोष्टींवरून अ‍ॅपल आणि सॅमसंग कोर्टात गेले. ऑगस्ट २०१२ मध्ये ज्युरींनी अ‍ॅपलच्या बाजूने शंभर कोटी डॉलरहून अधिक भरपाईचा निकाल दिला. आकडा नंतर कमीजास्त होत राहिला आणि २०१८ साली दोघांनी तडजोड केली. यादीच्या टोकाशी येणारा एक हेलकावा, पण त्याची किंमत पाहा!

इथपर्यंतचा इतिहास आनंदाचा आहे. यापुढे मात्र वाट वळते.

लोरेन ब्रिक्टर या तरुणाने २००९ च्या सुमारास 'ट्वीटी' या अ‍ॅपमध्ये यादी खाली ओढून सोडली की नवा मजकूर येईल अशी सोय केली. अतिशय सुरेख कल्पना, वेगळ्या बटणाची गरजच उरली नाही. त्याआधी २००६ साली आझा रास्किन यांनी पान कधी संपूच नये अशी रचना शोधली होती. खाली जाल तसा मजकूर भरत जातो. दोघांचाही हेतू माणसाचे कष्ट वाचवण्याचा. पण पान संपलं की 'आता पुरे' म्हणायची जी एक जागा होती, तीच नाहीशी झाली. माणसं ओढत राहिली, खाली जात राहिली. पुढे या दोघांनीही आपल्या शोधाच्या परिणामांबद्दल जाहीरपणे अस्वस्थता व्यक्त केली.

दुसरा बदल २०१३ चा. त्या वर्षी आयफोनच्या नव्या आवृत्तीत बटणांच्या कडा आणि उंचवटे काढून टाकले, उरले नुसते रंगीत शब्द. दिसायला स्वच्छ, पण दाबायचं काय आणि वाचायचं काय हे कळेना. मार्च २०१४ मध्ये बटणांना पुन्हा आकार दाखवण्याची सोय द्यावी लागली, तीही सेटिंग्जच्या आत कुठेतरी. ज्याला दिसत नाही त्यानेच ती शोधून काढायची!

तिसरा बदल सगळ्यांत वाईट. माणूस कुठे चुकतो हे एकदा कळलं, की ते ज्ञान चूक टाळायला वापरता येतं, तसं चूक घडवायलाही. 'घ्या' हे बटण मोठं, हिरवं, अंगठ्याखाली. 'नको' हे फिकट करड्या रंगात कोपऱ्यात. हॅरी ब्रिग्नल यांनी २०१० साली या प्रकारांना 'डार्क पॅटर्न' असं नाव दिलं. भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी त्याविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली आणि असे तेरा प्रकार नोंदवले. त्यातला एक म्हणजे नकार देणाऱ्याला लाज वाटायला लावणं. विमानाच्या तिकिटाबरोबरचा विमा नको असेल तर 'मी असुरक्षित राहीन' अशा अर्थाच्या वाक्यावर बोट ठेवायला लावायचं, हे त्यातलंच उदाहरण.

१९८१ साली एका बटणाने एका माणसाला नकळत मठ्ठ म्हटलं, तर ते बनवणाऱ्यांनी शब्द बदलले. चाळीस वर्षांनंतर माणसाला मुद्दाम कमी लेखणारे शब्द बटणावर लिहिले जातात आणि ते थांबवायला सरकारला नियम करावा लागतो. या इतिहासात मला बोचतं ते हेच.

आपल्या मराठीचा प्रश्न याला जोडूनच आहे. सुरुवातीच्या बऱ्याच स्मार्टफोनवर देवनागरीच्या जागी नुसते चौकोन दिसत. ते दिवस गेले. पण बटणावरची मराठी अजून अनेकदा शब्दकोशातून उचललेली असते. 'व्यवहार रद्द करायचा आहे का?' असा प्रश्न आणि खाली दोन बटणं : 'ठीक आहे' आणि 'रद्द करा'. यातलं कोणतं दाबल्यावर व्यवहार रद्द होईल, सांगा पाहू! 'हो, व्यवहार रद्द करा' आणि 'नको, चालू ठेवा' असं लिहिलं तर प्रश्न मिटतो. याला तंत्रज्ञान लागत नाही, वाचणाऱ्याची काळजी लागते. आणि मात्रा-वेलांट्यांना वरखाली जागा सोडली नाही तर 'की'ची वेलांटी छाटली जाऊन त्याचा 'का' होतो, हेही मराठी वाचणाऱ्यालाच आधी दिसणार. म्हणून अशा कामात मराठीची पोरं बसली पाहिजेत. मराठी घेऊन बीए करून काय करणार, असं विचारणाऱ्यांना हे एक उत्तर.

आमच्या वयाची माणसं मोबाइल बाजूला ठेवून म्हणतात, "आपल्याला नाही बुवा जमत हे." त्यांना एवढंच सांगायचं आहे, की ज्यांनी हे शास्त्र उभं केलं त्यांनी माणसाच्या अडखळण्याला कधी दोष दिला नाही. तो त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. तेव्हा अडलात तर नातवाला बोलवा, पण खजील होऊन नको. "हे बटण असं का ठेवलंय रे?" असा प्रश्न त्याला जरूर विचारा. कोण जाणे, उद्या बटणं बनवणारा तोच असेल.